‘मिझेरेरे’ : कागदावरचे आणि कंठातले

रोममधील सिस्टाईन चॅपेल म्हटले की मायकेलँजेलोची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात युरोपभरचे प्रवासी तेथे दाटी करीत, ती मुख्यतः काही ऐकण्यासाठी. बुधवारपासून तीन दिवस सायंकाळी ‘तेनेब्रे’, म्हणजे अंधाराची उपासना होई. त्रिकोणी दीपस्तंभावर पंधरा मेणबत्त्या लावीत आणि स्तोत्रे संपत जातील तसतशी एकेक विझवीत. अखेरची तेवढी न विझविता वेदीमागे झाकून ठेवीत. चॅपेल काळोखात बुडाले की पोप गुडघे टेकीत आणि दावीद राजाच्या पश्चात्तापाचे स्तोत्र सुरू होई. लॅटिनमध्ये त्याचा पहिला शब्द ‘मिझेरेरे’, म्हणजे ‘दया कर’. तेच त्याचे नाव झाले. साथीला वाद्य एकही नसे.

या स्तोत्राची जी स्वररचना सर्वांत अधिक गाजली, ती ग्रेगोरियो अल्लेग्री (१५८२–१६५२) याची. पोप आठवे अर्बन यांच्या कारकीर्दीत, १६३० च्या सुमारास, तो पोपच्या गायकवृंदात दाखल झाला आणि पुढे काही वर्षांत त्याने ही रचना केली. तिची मांडणी अगदी साधी आहे. एक वृंद पाच आवाजांचा, दुसरा चार आवाजांचा. एक चरण पहिल्या वृंदाने म्हणावा, पुढच्याचे एकसुरी पठण व्हावे, त्यानंतरचा दुसऱ्या वृंदाने गावा, पुन्हा पठण. अशा क्रमाने जात जात शेवटच्या चरणात नऊही आवाज एकत्र येतात. एकाच स्वरसंघातावर बरीचशी अक्षरे म्हणावयाची आणि ओळ संपता संपता थोडासा विस्तार करून थांबावयाचे, एवढेच त्यातले कौशल्य. संगीताचा सामान्य विद्यार्थीही हे एका बैठकीत उतरवून घेईल.

मग तिची एवढी कीर्ती कशाने झाली? चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतेतिहासकाराने एक हकीकत नमूद करून ठेवली आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा पहिला लिओपोल्ड स्वतः संगीतज्ञ होता. त्याने पोपकडून या रचनेची प्रत मागविली आणि ती व्हिएन्नाच्या दरबारी उत्तम गायकांकडून गाववून घेतली. ऐकतो तो काय, एक नीरस पठण! चॅपेलच्या गायनप्रमुखाने भलतीच प्रत पाठवून आपल्याला फसविले, अशी बादशहाने तक्रार केली आणि त्या बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे त्याने खुलासा केला की, प्रत खरीच होती. मात्र ओळींच्या शेवटी गायक जे अलंकार घेतात, ते कागदावर लिहिलेले नसतात. ते पिढ्यान्‌पिढ्या कानांनी शिकले जातात. हा खुलासा पटल्यावर त्याला परत घेतले म्हणे. बादशहाचा राग समजण्याजोगा होता, पण हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला या खुलाशाचे नवल वाटणार नाही. भातखंडे यांनी छापलेल्या स्वरलिपीवरून एखादी चीज अक्षरशः गाइली, तर घरंदाज गवयाच्या तोंडून ऐकलेली ती हीच, हे ओळखू येणे कठीण.

मोझार्टची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. १७७० च्या एप्रिलमध्ये, चौदा वर्षांचा असताना, त्याने हे गायन ऐकले आणि ते स्मरणाने लिहून काढले. रचना बाहेर नेणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा होती, असे त्याच्या वडिलांनी पत्रात लिहिले आहे. परंतु प्रती त्याआधीच रोमबाहेर गेल्या होत्या, आणि पोपने तर त्याच वर्षी जुलैमध्ये त्या मुलाला सन्मानपदक दिले. त्याने केलेली नक्कल आज उपलब्ध नाही. १७७१ साली बर्नीने ही रचना लंडनला छापली, अर्थात अलंकारांवाचून.

खरी गंमत पुढेच आहे. आज ही रचना ऐकताना श्रोता ज्या स्वराने मोहून जातो, तो दुसऱ्या वृंदातील अत्युच्च स्वर अल्लेग्रीने लिहिलेलाच नाही. १८३१ साली मेंडेल्सनने रोममध्ये हे गायन ऐकून काही टिपणे केली. त्या वेळी गायक मूळ पट्टीहून वर गात असावेत. पुढे १८८० च्या सुमारास ग्रोव्हच्या संगीतकोशात उदाहरण देताना दोन निरनिराळे तुकडे एकत्र सांधले गेले. त्यांपैकी दुसरा, षड्जाच्या जागी मध्यम यावा इतक्या वरच्या पट्टीत बसला. चुकीचा सांधा मूळ पाठात मिसळून गेला. आयव्हर ॲटकिन्स यांच्या १९५१ च्या इंग्रजी आवृत्तीत तोच कायम राहिला, आणि १९६३ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदाने डेव्हिड विलकॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तीच आवृत्ती ध्वनिमुद्रित केली. उंच स्वर होता रॉय गुडमन या बारा वर्षांच्या मुलाचा. म्हणजे भाषा लॅटिन नव्हे, इंग्रजी, चर्च रोमन नव्हे, अँग्लिकन, पट्टी चुकीची, आणि रोममध्ये जे स्वर कास्त्राती गायकांच्या, म्हणजे बालपणीच खच्चीकरण झालेल्या पुरुषांच्या गळ्यांतून निघत, ते येथे एका शाळकरी मुलाच्या तोंडी! तरीही या ध्वनिमुद्रणाने अल्लेग्रीला जितके श्रोते मिळवून दिले, तितके पोपच्या चॅपेलला दोन शतकांत क्वचितच लाभले असतील.

त्या आवृत्तीत हा स्वर पाच वेळा येतो. दर वेळी त्याआधी एकसुरी पठण असते, आणि ते लांबेल तसा कान अधीर होतो. ही अधीरता मात्र अल्लेग्रीच्या मांडणीतून आलेली आहे. ती कोशकाराच्या चुकीची देणगी नव्हे. अलीकडे चॅपेलची जुनी हस्तलिखिते तपासून काही वृंदांनी तो स्वर वगळलेले आणि गायकांचे अलंकार पुन्हा जोडलेले रूपही ध्वनिमुद्रित केले आहे. जाणकारांना ते पसंत पडले. इतर श्रोते अजून त्या स्वराची वाट पाहतात.