तोटीचा आकडा

नांदगावच्या बाजारात व्हॉल्व्ह मागायला गेलात की दुकानदार विचारतो, "किती इंची?" पाइप एक इंची, तर व्हॉल्व्हही एक इंची. नळाला हे चालून जातं. गरम पाण्याच्या यंत्रणेत मात्र घोळ इथूनच सुरू होतो, कारण तिथला व्हॉल्व्ह पाइपाच्या मापाने घ्यायचाच नसतो. किती दाबाला किती पाणी सोडतो, हे त्याचं खरं माप. ते एका आकड्यात बसवायला तीनशे वर्षं लागली.

घरातल्या बंबापासून सुरुवात करू. तांब्याचं पिंप, मधोमध उभी नळी, तिच्या तळाला जाळी, जाळीवर तुराट्या नाहीतर दाणे काढलेली मक्याची कणसं, नळीभोवती पाणी आणि बुडाशी तोटी. भरल्या बंबातून पहिली बादली भराभर भरते. वरून भर घातली नाही, तर शेवटी आंघोळीला जाणारा बादली धरून ताटकळतो. तोटी तीच, भोकही तेच. असं का होतं, ते इव्हांजेलिस्ता टोरिचेल्ली या इटालियन गणितज्ञाने १६४४ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं: धारेचा वेग पाण्याच्या उंचीप्रमाणे नाही, त्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उंची चौथाई झाली की वेग निम्मा.

आपल्या बंबाला हे लावून पाहू. तोटीचं भोक १२ मिलिमीटर, त्याच्या वर पाणी ३० सेंटीमीटर. भोकातून निघताना धार आकसते, त्यामुळे कागदावरच्या हिशेबाच्या साधारण ६० टक्केच पाणी बादलीत पडतं. म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी साडेसात सेंटीमीटरवर आलं की ५ लिटर. हेच भोक १० मीटर उंच टाकीखाली असतं, तर पाइपातलं घर्षण सोडून मिनिटाला ५७ लिटर पाणी सुटलं असतं. तेव्हा नुसतं 'अर्धा इंची' म्हणून काहीच कळत नाही.

तापलेलं पाणी पाइपातून फिरवायचं आणि त्याचं तापमान आपोआप राखायचं, हा उद्योग पॅरिसमध्ये १७७७ च्या सुमारास बोनमँ नावाच्या माणसाने केला. माणसांसाठी नव्हे, कोंबडीची अंडी उबवण्यासाठी! लोखंड आणि शिसं तापल्यावर कमीजास्त वाढतात. त्या फरकावर तो भट्टीची हवा उघडझाप करत असे. त्याने आवर घातला तो विस्तवाला, पाण्याला नाही. बंबाची राख झाडून हवा वाढवणाऱ्या आजीबाई वेगळं काही करत नसत.

वाहत्या प्रवाहावर आपोआप ताबा ठेवायचे आणखी प्रयत्न पुढच्या शतकात झाले. अमेरिकेत मार्शलटाउनला आग लागली असताना पंपाचा दाब टिकवायला विल्यम फिशर रात्रभर हाताने वाफ कमीजास्त करत बसला आणि १८८० साली त्याने ते काम करणारा गव्हर्नर बनवला. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने वर्गातून तळघरातल्या शिपायाला घंटी देणारं तापमान-यंत्र केलं. व्हॉल्व्ह अजून शिपाईच फिरवत होता.

साधनं आली, तरी माप नव्हतं. प्रत्येक कारखानदाराचे तक्ते वेगळे, दोन कंपन्यांचे व्हॉल्व्ह ताडून पाहणं अवघड. १९४४ साली मेसोनिलन या अमेरिकी कंपनीने 'सीव्ही' हा आकडा आणला: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दोन्ही बाजूंच्या दाबात एक पौंड प्रति चौरस इंच फरक ठेवा आणि मिनिटाला किती अमेरिकी गॅलन पाणी जातं ते मोजा. मेट्रिकमध्ये त्याचा भाऊ 'केव्ही': एक बार दाबफरकाला तासाला किती घनमीटर. टोरिचेल्लीचं वर्गमूळ दोन्हींच्या पोटात आहे. आपल्या बंबाच्या भोकाचा केव्ही काढला तर साधारण साडेतीन येतो.

कॅटलॉगमध्ये हे आकडे १.६, २.५, ४, ६.३, १० असे येतात. ते मनमानी नाहीत. फ्रेंच लष्करातल्या शार्ल रनार या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात फुग्यांच्या दोरखंडांची ४२५ मापं १७ वर आणली, त्याच गुणोत्तरांच्या पद्धतीतले हे आकडे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या सुमारे १.६ पट.

आता एका वसतिगृहाचं उदाहरण. ५०० लिटर पाणी तासाभरात २५ अंशांवरून ६० वर न्यायचं: १७,५०० किलोकॅलरी. बॉयलरचं पाणी २० अंश उतरून परत येत असेल, तर तासाला ८७५ लिटर फिरवावे लागतील. व्हॉल्व्हवर ०.१ बार खर्च करायची तयारी ठेवली, तर केव्ही येतो २.८. घ्यायचा २.५ चा, पंपाला किंचित जास्त जोर पडेल, इतकंच. एक इंची साध्या बॉल व्हॉल्व्हचा केव्ही विसाच्या वर असतो. तो बसवला तर जरासा उघडताच हवं तेवढं पाणी निघून जातं, उरलेला फेर नुसता शोभेचा. मग थर्मोस्टॅट उघड-मीट करत राहतो आणि नळाखालचा माणूस एकदा भाजतो, एकदा गारठतो.

नांदगावला हा हिशेब अनोळखी नाही, फक्त पाणी थंड असतं. गिरणा धरण याच तालुक्यात, आणि त्याच्या भरवशावरची ५६ खेड्यांची नळयोजनाही. अशा लांबलचक योजनेत धरणाजवळच्या गावाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला की शेवटच्या गावाला हवा येते. म्हणून व्हॉल्व्हमन चावी घेऊन फिरतो आणि जवळचे व्हॉल्व्ह किती फेरे दाबून ठेवायचे, हे त्याला पाठ असतं. वसतिगृहाच्या तळमजल्यावरची आणि तिसऱ्या मजल्यावरची न्हाणी यांच्यात हाच तंटा असतो.

हिशेबाने काम करणारा प्लंबर एक इंची पाइपावर दोन्हीकडे रिड्युसर लावून अर्धा इंची कंट्रोल व्हॉल्व्ह बसवतो, आणि मालकाला वाटतं याने मालात कात्री लावली.