झिनियाचे बी

मोगल अमदानीत नाशिकला 'गुलशनाबाद' म्हणत. त्या नावाचा अभिमान आम्ही नाशिककर अजूनही बाळगतो. पण आमच्या नाशिक रोडच्या देवळात सणासुदीला वेदीवर जी फुले दिसतात, त्यांची कुळकथा पाहू गेल्यास मोठी मौज वाटते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंध मेक्सिकोचा, डेलियाही तिकडचाच. नाताळातल्या लाल पानांच्या पॉइन्सेटियाचे माहेरही तेच. झिनिया ही याच घराण्यातली, पण मानपानात मागे राहिलेली धाकटी बहीण होय.

तिचे नाव मात्र जर्मन आहे. गटिंगेन येथील योहान गॉटफ्रीड झिन हे शरीरशास्त्राचे व वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. मानवी डोळ्याच्या रचनेवर त्यांनी 1755 साली ग्रंथ लिहिला. डोळ्यातील भिंग जागी धरून ठेवणाऱ्या तंतूंना आजही त्यांचेच नाव आहे. 1759 साली ऐन तारुण्यात ते वारले आणि त्याच वर्षी लिनियसने या फुलाला त्यांचे नाव दिले.

परंतु आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो पुढचा भाग. युरोपातल्या बागांत झिनिया दीर्घकाळ एकेरी पाकळ्यांचीच होती. 1860 च्या सुमारास फ्रान्समध्ये भरगच्च दुहेरी झिनिया फुलली, ती हिंदुस्थानातून गेलेल्या बियांपासून! मेक्सिकोचे फूल युरोपमार्गे आपल्याकडे आले, येथे पालटले आणि नवे रूप घेऊन परत गेले. शास्त्रज्ञाचे नाव फुलाला कायमचे चिकटले. येथे बी राखणाऱ्या माळ्याचे नाव कोणत्याही जातीला लाभले नाही.

आणि बी राखणे हेच तर खरे काम! झिनियाचे एक फूल म्हणजे अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पाकळीदार फुलांत पराग नसतात, ते मधल्या बारीक पिवळ्या फुलांत असतात. फूल जितके दुहेरी, तितके पराग कमी. मधमाशी दुसरीकडचे पराग आणते आणि पुढच्या पिढीत एकेरी फुले डोकावू लागतात. म्हणून दरवर्षी निवड करावी लागते. पुण्यात 1884 साली पोचांची पेढी सुरू झाली. तेव्हापासून पाकिटातले बी आपल्याकडे रुळले आणि ही निवड दुसऱ्यावर सोपवण्याची सोय झाली. आज पॉलिहाऊसमधला जरबेरा बारमाही मिळतो. सोय झाली खरी, पण बी ओळखणारे हात घरोघरी कमी झाले, हा तोटा आम्ही लहान मानत नाही.

पेरणीचा हिशेब सणापासून मागे मोजावा. बी पेरल्यापासून फुलायला साधारण साठ-पासष्ट दिवस लागतात. संत अ‍ॅनांच्या सणाला, म्हणजे 26 जुलैला फुले हवीत, तर मेअखेरीस पाणी घालून पेरावे. 15 ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनासाठी जूनच्या मध्याला. रोपाला जागा बदललेली आवडत नाही, म्हणून वाफ्यातच पेरलेले बरे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फांद्या फुटतात व दांडे लांब येतात. पाऊस उघडल्यावर भुरी येते. द्राक्षबागाइतदारांच्या या जिल्ह्यात भुरी म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको! फेब्रुवारीतल्या बाळ येशूच्या यात्रेला मात्र झिनियाची आशा धरू नये, नाशिकची थंडी तिला मानवत नाही.

फूल सकाळी कापावे. कळी मात्र कापू नये, ती पाण्यात उमलत नाही. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवून पाहावा: ताठ राहिला तर फूल तयार आहे, मान टाकली तर दोन दिवस थांबावे.

प्रत्येक रंगाचे सर्वांत भरगच्च असे एखादे फूल मात्र वेदीसाठीही तोडू नये. ते झाडावरच तपकिरी होऊ द्यावे. पाकळीच्या बुडाशी चपटे, टोकदार बी सापडते. ते सावलीत वाळवावे, कागदाच्या पुडीत बांधावे आणि वर रंग व साल लिहावे.