गाडीखालची मैल्याची टाकी: भरली हे यंत्र सांगेल, पण रिकामी कुठे करायची?

रेल्वेच्या शौचालयात एक सूचना वर्षानुवर्षं लिहिलेली असायची: गाडी स्टेशनवर उभी असताना शौचालय वापरू नका. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबायची, तेव्हा ही सूचना पाळणं प्रवाशांना जड जायचं. सूचनेमागचं कारण मात्र सरळ होतं. डब्याखाली टाकीच नव्हती. शौचालयातून एक पाइप खाली जायचा आणि त्याच्याखाली थेट रूळ असायचे.

आज बहुतेक डब्यांखाली स्टीलची टाकी दिसते. तशीच, पण लहान आणि बहुधा प्लॅस्टिकची टाकी मोटरहोममध्येही असते. मोटरहोम म्हणजे झोपायची जागा, स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली गाडी. आपल्याकडे तिला कॅरव्हॅनही म्हणतात. अशा गाडीतल्या टाकीवर सेन्सर लावून, ती आपोआप रिकामी करण्याची सोय करायची आवड जगभर वाढते आहे. हे जमतं कसं आणि त्यात धोका कुठे आहे, हे समजून घ्यायला भारतीय रेल्वेचा अनुभव फार उपयोगी आहे. कारण मैला आपोआप खाली सोडणारं यंत्र रेल्वेने आधीच वापरून पाहिलं आहे.

मोटरहोममध्ये किती टाक्या असतात?

साधारण तीन. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची. तिसरी शौचालयाच्या मैल्याची. इंग्रजीत दुसरीला राखाडी आणि तिसरीला काळ्या पाण्याची टाकी म्हणतात, पण मराठीत ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमान आठवतं. म्हणून इथे सांडपाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी असेच शब्द वापरले आहेत.

स्वच्छ पाण्याची टाकी संपली तर गैरसोय होते. मैल्याची टाकी भरली तर मैला उलटा शौचालयात येतो. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं.

टाकी किती भरली, हे कसं कळतं?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर बसवलेले धातूचे खिळे. पाणी त्या उंचीला आलं की खिळ्यांमधून बारीक वीजप्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. स्वच्छ पाण्यात हे ठीक चालतं. मैल्याच्या टाकीत मात्र खिळ्यांवर कागद आणि चिकटा बसतो. टाकी रिकामी असूनही दिवा ‘भरली’ असंच दाखवत राहतो.

दुसरी पद्धत म्हणजे टाकीच्या बाहेरून चिकटवायची पट्टी. प्लॅस्टिकच्या भिंतीपलीकडे द्रव आहे की हवा, हे ती विद्युत धारकतेतल्या फरकावरून ओळखते. मैल्याला सेन्सरचा स्पर्शच होत नाही, हा तिचा मोठा फायदा. धातूच्या टाकीवर मात्र ती चालत नाही.

तिसरी पद्धत ध्वनिलहरींची. टाकीच्या छताला बसवलेला सेन्सर खाली लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला यावरून पातळी काढतो. फेस आणि वाफ असेल तर तो चुकू शकतो.

यातला कोणताही सेन्सर घेतला तरी एक अडचण राहतेच. धावत्या गाडीत पाणी डचमळतं आणि आकडे वरखाली होतात. म्हणून गाडी थांबल्यावर मोजमाप घ्यायचं, अनेक नोंदींची सरासरी काढायची आणि मगच ती मोबाइलवर दाखवायची, अशी व्यवस्था करतात. फ्लश किती वेळा झाला हे मोजणं हाही एक पडताळा आहे. समजा टाकी ८० लिटरची आहे, गाडीत दोघे आहेत, प्रत्येकी दिवसाला ५ वेळा फ्लश होतो आणि प्रत्येक वेळी २ लिटर पाणी जातं. म्हणजे रोज २० लिटर, आणि चार दिवसांत टाकी भरणार. सेन्सर दुसऱ्याच दिवशी ‘भरली’ म्हणू लागला, तर बहुधा सेन्सरच खोटं बोलतो आहे.

यंत्राने मैला सोडायचा: रेल्वेने केलेला प्रयोग

एलएचबी प्रकारचे डबे भारतात आले तेव्हा त्यांतल्या अनेकांत नियंत्रित विसर्जनाची शौचालयं होती. मैला थेट खाली न पडता डब्याखाली साठायचा. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला की यंत्र झडप उघडायचं आणि सगळं रुळांवर पडायचं. हेतू असा की स्टेशनं आणि त्यांच्याजवळचा भाग स्वच्छ राहावा.

यंत्र आपलं काम बरोबर करत होतं. पण त्याला फक्त वेग कळत होता, जागा कळत नव्हती. भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीचं उदाहरण घ्या. शहर मागे पडतं आणि थोड्याच वेळात तापीचा पूल येतो. भुसावळ शहर याच तापीचं पाणी पितं. वेग ३० च्या वर गेला एवढं यंत्राला पुरेसं, खाली खडी आहे की नदी, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

स्टेशन स्वच्छ राहिलं, तरी घाण संपली नाही. ती फक्त पुढच्या रुळांवर गेली, आणि तिथे रुळांची देखभाल करणारी माणसं रोज हातात अवजारं घेऊन काम करतात. शिवाय मैल्यामुळे रूळ आणि ते जखडून ठेवणारे खिळे-क्लिपा गंजतात. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात, डब्यांतून रुळांवर थेट मैला पडणं बंद करावं, अशी शिफारस केली होती. म्हणजे हा प्रश्न दुर्गंधीइतकाच प्रवाशांच्या जिवाचाही होता.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदा आला. अशा कामाच्या व्याख्येत रेल्वे रुळांचाही उल्लेख आहे.

टाकीतच मैला पचवणारी शौचालयं

रेल्वेने अखेर वेगळा रस्ता धरला. सियाचीनसारख्या थंड भागातल्या जवानांसाठी डीआरडीओने जिवाणूंच्या मदतीने मैला पचवणारी टाकी विकसित केली होती. तीच कल्पना डब्याखाली आणली गेली. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर–वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसमध्ये अशी शौचालयं पहिल्यांदा बसली. २०१९ संपेपर्यंत सुमारे ६८ हजार डब्यांत २ लाख ४५ हजारांहून जास्त जैव-शौचालयं बसवून झाली होती.

या टाकीत आडव्या-उभ्या भिंती घालून कप्पे केलेले असतात. मैला एका कप्प्यातून दुसऱ्यात हळूहळू सरकतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचं पाणी आणि वायू यांत रूपांतर करतात. जेवढं आत येतं तेवढंच पचलेलं पाणी दुसऱ्या टोकाने क्लोरीनच्या कप्प्यातून बाहेर पडतं. म्हणून ही टाकी वरचेवर रिकामी करावी लागत नाही.

पण ती तुंबते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात २५ हजारांहून जास्त जैव-शौचालयांच्या नोंदी तपासल्या. एका वर्षात सुमारे २ लाख त्रुटी निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त तुंबण्याच्या होत्या. बाटल्या, कपडा, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या असं काहीही भांड्यात टाकलं, तर जिवाणू ते पचवू शकत नाहीत. मग डेपोत कोणाला तरी ते बाहेर काढावं लागतं.

म्हणजे टाकी किती भरली हे सांगणारा सेन्सर असूनही इथे फारसा उपयोग झाला नसता. आत काय पडलं, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शौचालय वापरणाऱ्याच्या हातात होतं. मोटरहोमलाही हे जसंच्या तसं लागू पडतं.

मोटरहोममध्ये ऑटोमेशन कुठपर्यंत करावं?

टाकीच्या तोंडाशी एक सरकती झडप असते. तिला १२ व्होल्टची मोटर जोडली की बटण दाबून ती उघडता येते. काही जण मैला बारीक करून पाइपातून ढकलणारा पंपही लावतात. त्यामुळे उंचावरच्या चेंबरपर्यंतही मैला नेता येतो. हे सगळं एका छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडून नियम ठरवता येतात. चांगल्या व्यवस्थेत किमान पुढचे नियम हवेत.

• हँडब्रेक लावलेला नसेल, तर झडप उघडायचीच नाही.

• पाइप जोडलेला नसेल, तर झडप उघडायची नाही.

• झडप उघडी ठेवण्यासाठी माणसाने बटण दाबून धरायचं. हात सुटला की झडप बंद.

• झडप उघडूनही पातळी कमी होत नसेल, तर काहीतरी तुंबलं आहे. पंप लगेच थांबवायचा.

• झडप बंद असताना पातळी कमी होत असेल, तर गळती आहे. इशारा द्यायचा.

• वीज गेली तर हाताने झडप बंद करता आली पाहिजे.

रिकामं करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मैल्याच्या टाकीची झडप एरवी बंदच ठेवायची. ती कायम उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी वाळून बसतो. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हे आणखी लवकर होतं.

टाकीतले वायू विषारी आणि ज्वालाग्राही असू शकतात. झाकण उघडून आत डोकावू नये, जवळ काडी पेटवू नये, आणि तुंबलेली टाकी हाताने साफ करायला कोणाला सांगू नये.

रिकामी करायची कुठे?

अमेरिका-युरोपात अशा गाड्यांसाठी मैला सोडण्याची ठरलेली ठिकाणं सर्रास आढळतात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण धुळे–जळगाव–भुसावळ महामार्गाने अजिंठ्याकडे निघालेल्या कुटुंबाने वाटेत अशी जागा हमखास मिळेलच, असं धरून चालू नये.

म्हणून इशारा कोणत्या पातळीला वाजावा, हे टाकीच्या आकारावरून न ठरवता पुढची योग्य जागा किती दूर आहे यावरून ठरवावं. ती एका दिवसाच्या अंतरावर असेल, तर टाकीत एका दिवसाची जागा शिल्लक असतानाच इशारा हवा.

भारतीय रस्त्यांवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे काढता येणारी छोटी टाकी. ती साधारण २० लिटरच्या आसपास असते, चाकांच्या बॅगेसारखी ओढत नेता येते आणि कोणत्याही साध्या शौचालयात ओतता येते. मोठी टाकी असेल तर हॉटेल किंवा पेट्रोल पंपाच्या मालकाची परवानगी घेऊन त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये मैला सोडता येतो. अशा वेळी टाकीत फॉर्मल्डिहाइडसारखं जंतुनाशक घातलेलं नसावं, नाहीतर सेप्टिक टँकमधले जिवाणूही मरतात. तिसरा पर्याय म्हणजे सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलावणं. अनेक शहरांत हा उपसलेला मैला आता गाळ प्रक्रिया केंद्रात नेला जातो.

नाला, शेताचा बांध, विहिरीच्या जवळची जागा किंवा नदी हे पर्याय नाहीत, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत आणि बघणारं कोणी नसो.

साताऱ्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या गावांनी घरांच्या सेप्टिक टँकबाबत एक साधी पद्धत घालून दिली आहे. टाकी तुंबेपर्यंत वाट न पाहता, ठरलेल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी ती उपसायची आणि मैला थेट प्रक्रिया केंद्रात न्यायचा. तिथे सेन्सर नाही की मोबाइल ॲप नाही. पण मैला कुठे जाणार हे टाकी उघडण्याआधीच ठरलेलं असतं. मोटरहोमवर हजारोंचे सेन्सर लावण्याआधी एवढं ठरवून घेतलं, तर उरलेलं काम यंत्रावर निर्धास्त सोपवता येतं.