तलब, तौबा आणि सिगारेट

रमजानमध्ये पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांच्या गेटबाहेर एक गोष्ट दरवर्षी दिसते. एरवी दर दोन तासांनी टपरीवर येणारा कामगार रोजात तेरा-चौदा तास सिगारेटकडे बघतही नाही. भट्टीपुढे उभं राहून, घशाला कोरड पडूनही त्याचा रोजा तुटत नाही. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि पाचव्या मिनिटाला तोच माणूस काडी पेटवतो. ईदनंतर तर सगळं पूर्ववत.

चौदा तास जी सुटते ती पाच मिनिटांत परत कशी येते? निगडी-भोसरीतल्या ओळखीच्या कामगारांशी बोलताना मी हे अनेकदा विचारलं आहे. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं. सोडणं जमतं, सोडून राहणं जमत नाही. हा फरक जुना आहे, आणि त्याच्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या दख्खनमध्ये घडला आहे.

विजापूरचा नजराणा

तंबाखू पोर्तुगीजांसोबत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबराचा दरबारी असद बेग आदिलशाहीच्या राजधानीत, विजापूरला गेला होता. तिथे त्याने ती पाहिली आणि १६०४च्या सुमारास जडावाच्या नळीसह आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. ही मक्का-मदिनेतही माहीत असलेली वस्तू आहे, असं खान-ए-आझमने सांगितलं. शाही हकिमाचा मात्र विरोध होता. आपल्या ग्रंथांत नसलेलं, न पारखलेलं औषध बादशहाला द्यायचं नाही, असं त्याचं मत होतं. अकबराने थोडी ओढून पाहिली, पण सवय लावून घेतली नाही. दरबाऱ्यांनी मात्र लावून घेतली.

पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्याकडे मनाई केली होती. गंमत अशी की, त्याच काळात जहांगीरचा वकील खान आलम इराणच्या दरबारी होता आणि त्याला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे. ही गोष्ट शाहच्या कानावर गेली तेव्हा त्याने एक शेर लिहून त्याला सूट दिली. हा किस्सा खुद्द जहांगीरनेच आपल्या आठवणींत नोंदवला आहे. दोन बादशहांची बंदी एका माणसाच्या तलबेपुढे हरली. हुकमाने वस्तू दूर करता येते, तलब दूर करता येत नाही.

मराठीत आपण तलफ म्हणतो, आपल्या दखनी घरांत तलब म्हणतात. अरबीत तलब म्हणजे मागणं, शोधणं. फरीदुद्दीन अत्तारच्या ‘मंतिकुत्तैर’मध्ये पाखरांना सात दऱ्या ओलांडायच्या असतात, त्यातल्या पहिल्या दरीचं नावच तलब आहे. एकाच शब्दात शोधही आहे आणि ओढही.

इगतपुरीहून सिएटलला

आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने जी सजगता शिकवली जाते, तिचा एक मोठा रस्ता नाशिक जिल्ह्यातून जातो. सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. त्यावर मॉर्फिन द्यावं लागे आणि त्याचंच व्यसन लागेल, अशी भीती डॉक्टरांनी घातली होती. म्हणून १९५५ मध्ये ते बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल असलेल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. म्हणजे सुरुवातीलाच व्यसनाचा प्रश्न उभा होता. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. चाकणच्या माणसालाही हे दूर नाही. आळंदीजवळ मरकळला त्याच परंपरेचं केंद्र आहे.

एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना तिहारमध्ये एक हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिराला बसले. १९९७ मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या एका तुरुंगात असंच शिबिर झालं. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनाकडे परत वळण्याच्या प्रश्नावर आधीपासून काम करत होते. त्यांच्या गटाने २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. शिबिर केलेल्यांमध्ये सुटकेनंतर तीन महिन्यांनी दारू, गांजा आणि कोकेनचा वापर इतरांपेक्षा कमी आढळला. शिबिराला बसलेले स्वेच्छेने बसले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. ज्याला सुटायचं आहे तोच बसतो.

घसरणं आणि पडणं

या कामाची पार्श्वभूमी १९७१ची आहे. त्या वर्षी हंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिगारेट, दारू आणि हेरॉइन सोडलेल्यांचे आलेख शेजारी ठेवले. तिन्ही जवळपास सारखे निघाले. सोडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक पहिल्या तीन महिन्यांतच परतत होते. वस्तू वेगळ्या, परतीची वाट एकच.

मार्लॅट यांनी त्या वाटेवरचं एक वळण शोधलं. सोडलेला माणूस एखाद्या दिवशी एक सिगारेट ओढतो. ती घसरण असते, पडणं नव्हे. पण त्याच्या मनात येतं, आता तुटलंच, माझ्याने होणारच नाही, मग पाकीटच का घेऊ नये? एका सिगारेटमुळे जेवढे लोक परत फिरत नाहीत, तेवढे तिच्या अपराधी भावनेमुळे फिरतात.

हे वाचताना मला आपल्याकडची तौबा आठवते. ‘माझी तौबा तुटली’ म्हणून निराश होणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. खरं तर तौबा म्हणजे परत फिरणं. ते एकदाच करायचं असतं, असं आपल्या उलेमांनी कधी सांगितलं नाही. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होणं, हीच मोठी चूक मानली गेली आहे. रात्री एक ओढली असेल तर सकाळी पुन्हा सोडायची, पाकीट संपण्याची वाट पाहायची नाही.

दमावर होश

श्वासावर लक्ष ठेवणं आपल्या परंपरेलाही नवीन नाही. इमाम गझाली (निधन ११११) यांच्या ‘इह्या’मध्ये मुराकबा आणि मुहासबा, म्हणजे मनावर नजर आणि मनाचा हिशेब, यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानचे अब्दुल खालिक यांनी घालून दिलेलं ‘होश दर दम’ हे नक्शबंदी सिलसिल्याचं सूत्र आहे. एकही श्वास गाफीलपणे जाऊ नये, असा त्याचा अर्थ. त्याच गुजदवानचे बाबा शाह मुसाफिर औरंगाबादला येऊन राहिले. पाणचक्कीत त्यांचा दर्गा आहे.

म्हणून ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ असा दावा मी करणार नाही. सूफींचा मुराकबा अल्लाहच्या स्मरणासाठी होता, सिगारेट सोडवण्यासाठी नव्हता. विपश्यनेचा हेतूही वेगळा आहे, आणि दहा दिवसांच्या शिबिरात इतर सर्व उपासना थांबवायला सांगतात. पाच वक्ताच्या नमाजीला ते मान्य होणं कठीण. कंत्राटी कामगाराला तर दहा दिवसांची रजाच मिळत नाही. पण दोन्हीकडचा समान धागा उपयोगी आहे. मनात जे उठतं त्याच्यामागे लगेच धावायचं नाही, आधी त्याच्याकडे पाहायचं.

याचा पुरावा काय? २००९ मध्ये बोवेन आणि मार्लॅट यांनी १२३ धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तलब लाटेसारखी चढते आणि ओसरते, तिच्याशी भांडू नका, ती पाहा, असं निम्म्यांना शिकवलं. आठवडाभराने त्यांची तलब इतरांपेक्षा कमी झालेली नव्हती, सिगारेटी मात्र कमी झाल्या होत्या. २०११ मध्ये जडसन ब्रुअर यांच्या ८८ जणांवरच्या अभ्यासात चार महिन्यांनी सजगता शिकलेले ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, नेहमीचा कार्यक्रम घेतलेले फक्त ६ टक्के. पण २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा इतर उपायांपेक्षा सजगता सरस असल्याचा स्पष्ट पुरावा सापडला नाही. तेव्हा हा चमत्कार नाही. समुपदेशन आणि डॉक्टरांनी दिलेली निकोटिनची गोळी किंवा पट्टी यांच्या सोबतीने वापरायचं हे एक साधन आहे.

गेटबाहेरची तीन मिनिटं

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे आकुर्डी, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले, आणि या पट्ट्याचं आयुष्य शिफ्टवर चालू लागलं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा सिगारेट गेटबाहेरच्या टपरीवर गेली. तिथे चहा आहे, मित्र आहेत, सुपरवायझरच्या नजरेपासून सुटका आहे. कामगार टपरीवर जातो तो केवळ निकोटिनसाठी नव्हे. त्याला सुटीचे ते चार क्षण हवे असतात. सिगारेट सोडताना तेही सुटतात, आणि त्यांची भरपाई कोणी करत नाही.

म्हणून सोडलेल्यांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमची तलब कोणत्या वेळी येते ते लिहून ठेवा. नाईट शिफ्टचा तीनचा चहा, कंपनीची बस सुटण्याआधी, इफ्तारनंतर. त्या वेळी ब्रेक घ्याच, बाहेरही पडा. फक्त काडी पेटवण्याआधी थांबा. छातीत, घशात, बोटांत काय होतंय ते पाहा. श्वास आत, श्वास बाहेर. काही मिनिटांत लाट ओसरते. शिवाय सिगारेटच्या जागी मळलेली तंबाखू तर येत नाही ना, यावरही नजर ठेवा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ सुमारे ४ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के. एकट्याने जमत नसेल तर केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

आणि ज्यांच्या घरात, मशिदीत किंवा लाइनवर असा एखादा माणूस आहे, त्यांनी तो घसरला तर हसू नये. त्याने पुन्हा तौबा केली तर ती पहिलीच आहे असं समजून त्याच्यासोबत नुसता चहा प्यावा.