दिवाळी अंक, झूमची लिंक आणि एक जुनी तारीख

दिवाळी जवळ आली की इन्स्टावर पोस्टर फिरायला लागतात: 'आमच्या दिवाळी अंकाचं ऑनलाइन प्रकाशन, सोबत अभिवाचन, लिंक बायोमध्ये.' तुमच्यापैकी बरेच जण ते बघून पुढे स्क्रोल करत असतील. आज त्या पोस्टरमागचा शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास सांगतो.

१८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' हे मासिक सुरू केलं. मूळ आडनाव आजगावकर, पण बंगाली साहित्यावर एवढा जीव की त्यांनी 'मित्र' हे बंगाली आडनावच लावून घेतलं. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, हजारो लोक शहर सोडून गेले. मासिक मात्र टिकलं. इंग्रजी नियतकालिकांचे ख्रिसमस विशेषांक तेव्हा इकडच्या वाचकांना माहीत होते. मित्रांनी तीच कल्पना आपल्या सणाला लावली आणि १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून आपण तोच मोजतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तारीख. दिवाळी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे लेखकाला कथा वेळेत द्यावीच लागते. कापडवाले, सराफ सणाच्या खरेदीवर डोळा ठेवून जाहिराती देतात. वाचक बोनसमधले थोडे पैसे अंकासाठी बाजूला काढतो. वाचनालयांनी तर दिवाळी अंकांची वेगळी वर्गणीच सुरू केली: एकदा पैसे भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. एकच अंक कितीतरी घरं फिरायचा. एकमेकांना न ओळखणारी माणसं त्याच दिवसांत तीच कथा वाचायची आणि तिच्यावर भांडायचीसुद्धा!

मग आलं २०२०. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १४ नोव्हेंबरला. मुंबईची लोकल सगळ्यांसाठी सुरू झालेली नव्हती, वाचनालयं कित्येक महिने बंद राहिली होती आणि जाहिराती आटल्या होत्या. काही अंक नुसते पीडीएफ म्हणून आले. काही संपादकांनी ठरवलं, तारीख चुकवायची नाही, प्रकाशन झूमवर करायचं.

अशा दोन-तीन कार्यक्रमांना मी बसलो होतो. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे लंडनला दुपारचे दीड आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. तरी सगळीकडचे लोक यायचे. कविता रंगात आली की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची आणि दहा जण ओरडायचे, "अहो, म्यूट करा!" फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांत मीटिंग बंद पडायची, मग पुन्हा नवी लिंक.

पण एक गोष्ट बदलली. मी पाहिलेल्या सभागृहातल्या प्रकाशनांत पाहुण्यांची भाषणंच संपत नसत, लेखनाला शेवटची पाच मिनिटं मिळायची. स्क्रीनवर भाषण कोण ऐकणार? म्हणून भाषणं आखडली आणि वाचनाला जागा मिळाली. जिचं नाव कधी ऐकलं नव्हतं अशा लेखिकेची कथा मी तिच्याच आवाजात, तिच्या बोलीच्या हेलासकट ऐकली. छापील पानावर तो हेल मला कळलाच नसता.

आता दुसरी बाजू. ऐकून झाल्यावर आपण बदाम टाकतो आणि बाहेर पडतो. अंक घेतो का? कागद, छपाई, लेखकाचं मानधन यांचा खर्च बदामांतून निघत नाही. शिवाय सगळंच काही ऐकवता येत नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज'ची खिडकी-चित्रं आठवा. पानाला कापलेली खिडकी, उघडली की आत भलतंच चित्र! ते हातात अंक घेऊनच बघायचं असतं.

प्लेग पाहिलेल्या मासिकाने ही तारीख सुरू केली आणि करोनातही ती पाळली गेली, ती कुणीतरी लिहिलं, छापलं आणि विकत घेतलं म्हणून. यातलं तिसरं काम आपलं आहे. तेव्हा या दिवाळीत एखादी लिंक उघडा, मनापासून ऐका आणि ज्याचं वाचन आवडेल तो अंक विकत घ्या. एकट्याला महाग वाटला तर चार मित्रांत मिळून घ्या आणि फिरवा, वाचनालयासारखा.

कोणता घेतला ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!