तात्यापाऱ्याचे दप्तर : बृहन्महाराष्ट्रातील संस्थाजीवनाची इतिहाससाधने

रायपूर शहराच्या जुन्या भागात, शारदा चौक आणि आझाद चौक यांच्या दरम्यान, तात्यापारा नावाची वस्ती आहे. या नावात दोन भाषा एकत्र नांदतात. ‘तात्या’ हे मराठी घरातील वडीलधाऱ्या पुरुषाचे संबोधन, तर ‘पारा’ हा छत्तीसगढीतील वस्तीवाचक शब्द. मराठी भाषकांच्या येथील सार्वजनिक जीवनाचा इतिहासही असाच दोन भाषांच्या सांध्यावर उभा आहे. त्याची साधने एकाच भाषेच्या चौकटीत शोधू गेल्यास हाती अर्धाच इतिहास लागतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम शासकीय दप्तराचा विचार करू. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपूरवर आली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदारी पद्धत आली. या राजवटीने मराठी भाषा आणि मोडी लिपी येथील कारभारात रुजवली. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन कागदपत्रांची भाषा इंग्रजीकडे वळली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि जुन्या प्रांताचे दप्तर नागपूर व भोपाळ यांच्यात विभागले गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाले, तेव्हा रायपूर राजधानी झाले. राजधानी बदलली की दप्तरही मार्ग बदलते. त्यामुळे एका शहराच्या इतिहासासाठी अभ्यासकाला तीन राज्यांतील अभिलेखागारांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तथापि संस्थाजीवनाची खरी नोंद शासकीय दप्तरात क्वचितच सापडते. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. वामनराव लाखे, रामराव चिंचोलकर आणि माधवराव सप्रे हे तिघे त्यामागे होते. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. आर्थिक ओढाताणीमुळे १९०२ अखेर ते बंद पडले. लाखे यांनी पुढे रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला आणि असहकाराच्या काळात सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी परत केली. मराठी वाङ्मयेतिहासात या मंडळींची दखल तुरळक आहे, कारण त्यांचे लेखन हिंदीत आहे. हिंदी वाङ्मयेतिहासात सप्रे यांना मानाचे स्थान आहे, परंतु तेथे त्यांचे मराठीपण चरित्राच्या पहिल्या परिच्छेदातच संपते.

सप्रे यांचेच एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. टिळकांच्या ‘केसरी’च्या प्रेरणेने त्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि माफीपत्र दिल्यावर सुटका झाली. शासनाच्या लेखी प्रकरण तेथे मिटले. सप्रे यांच्या लेखी ते तेथे सुरू झाले. सार्वजनिक जीवनातून काही काळ दूर होऊन ते रामदासांच्या वाङ्मयाकडे वळले. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद सिद्ध झाला आणि पुढे ‘गीतारहस्या’चाही. माफीपत्र हा पोलिसी दप्तराचा कागद, अनुवाद हा ग्रंथालयाचा. दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज अनुवादामागील प्रायश्चित्ताची भावना उमगत नाही. तौलनिक अभ्यासाला अभिलेखाची गरज का आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

सप्रे १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सत्तावन्न वर्षांनी, १९८१ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपुरात भरले. गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते. छापील अध्यक्षीय भाषणे टिकतात. त्यामागचे पत्रव्यवहार, वर्गणीची पावतीपुस्तके, निवासव्यवस्थेच्या याद्या यांना कोणी वाङ्मयीन साधन मानत नाही. बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाची हीच कथा आहे. इतिवृत्ताची वही, सभासदांची नोंद, गणेशोत्सवाचा जमाखर्च, नाट्यप्रयोगाची हस्तपत्रिका : भाषा एखाद्या समाजात कशी टिकली, हे या कागदांतून कळते.

या कागदांचे वाचन भाषाभ्यासकाने करावे, असे सुचवावेसे वाटते. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ चा आहे आणि तो पुढे छत्तीसगढनेही स्वीकारला. त्यानुसार नोंदणीकृत संस्थेला कार्यकारिणीची यादी व हिशेब निबंधकाकडे पाठवावा लागतो. हा व्यवहार हिंदीचा. म्हणजे मराठीत कारभार करणारी संस्था एकाच वर्षाचे दोन पाठ निर्माण करते : घरचा आणि दरबारचा. घरच्या पाठातील ‘खजिनदार’ दरबारच्या पाठात ‘कोषाध्यक्ष’ होतो, ‘वर्गणी’चा ‘चंदा’ होतो, ‘ठराव’ ‘प्रस्ताव’ म्हणून नोंदला जातो. आणि ज्या वर्षी घरच्या वहीतच ‘कोषाध्यक्ष’ उमटतो, ते वर्ष भाषिक इतिहासाच्या दृष्टीने एखाद्या ग्रंथाच्या प्रकाशनाइतके महत्त्वाचे मानले पाहिजे.

राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती घरोघरची दप्तरे धुंडाळून. योगायोग असा की, राजवाडे आणि सप्रे या दोघांचेही निधन १९२६ मधले. परंतु राजवाड्यांची परंपरा आपण अठराव्या शतकाच्या सनदांपुरतीच चालवली. विसाव्या शतकातील संस्थांच्या वह्या ‘अलीकडच्या’ म्हणून बाजूला राहिल्या. दरम्यान जुन्या वस्त्यांतील घरे पडतात, कुटुंबे विभागतात, चिटणीसपदाबरोबर वह्या एका घरातून दुसऱ्या घरी जातात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघतात. शारदा चौक ते तात्यापारा रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न अनेक वर्षे गाजला. दुकानांच्या नुकसानभरपाईची गणिते मांडली गेली. माळ्यावरच्या पेटीची भरपाई कोणत्याच गणितात बसत नाही.

म्हणून पहिले काम संग्रहालय उभारण्याचे नव्हे, सूची करण्याचे आहे. कागद ज्याचा त्याच्याकडेच राहावा. त्याची भाषा, लिपी, काळ आणि ठिकाण एवढे टिपून प्रतिमा घ्यावी. सूचीत मराठी, हिंदी, छत्तीसगढी असे कप्पे करू नयेत. तात्यापारा हे नाव मराठी की छत्तीसगढी, असा प्रश्न त्या वस्तीत राहणाऱ्यांना कधी पडला नाही; सूचीकारालाही तो पडू नये.