लॅमिंग्टन रोड ते डोंबिवली : जुळवलेल्या संगणकांचा काळ

वैयक्तिक संगणकाच्या विक्रीचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या हिशेबवह्यांवरून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक कंपनीची इतकी यंत्रे खपली, पुढील वर्षी खप इतका वाढला वा घटला, अशा आकड्यांच्या आधारे बाजाराची चढउतार सांगण्याचा शिरस्ता जगभर रूढ आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नगरांच्या बाबतीत मात्र ही वाट फार दूर नेत नाही. कारण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत येथील मध्यमवर्गीय घरांत जो संगणक प्रथम येऊन बसला, त्याच्या पेटीवर बहुतेक वेळा कोणत्याही कंपनीची मुद्रा नव्हती. ओळखीच्या एखाद्या तरुणाने मुंबईहून सुटे भाग आणून तो जुळवलेला असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी देशात विकल्या जाणाऱ्या संगणकांपैकी निम्म्याच्या आसपास संगणक असे बिननावी होते, आणि आमच्या या रेल्वेकाठच्या नगरांत संगणकाचा प्रसार झाला तो प्रामुख्याने त्यांच्याच द्वारा झाला, असे माझे निश्चित मत आहे. त्या व्यवसायाची नोंद कोणत्याही दप्तरात धडपणे झालेली नाही, म्हणून ती येथे करावयाची.

या नगरांची संगणकाशी पहिली भेट झाली ती मात्र घरात नव्हे, कचेरीत. मुंबईत एसो कंपनीच्या कचेरीत १९६१ साली आयबीएमचे १४०१ हे यंत्र आले आणि पुढे आयुर्विमा महामंडळासारख्या मोठ्या संस्थांत यंत्रीकरणाचा विचार सुरू झाला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. तो वाद इतका विकोपास गेला की केंद्र सरकारने १९६९ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी एक समिती नेमली. सकाळच्या लोकलने फोर्टात जाऊन बँका, विमा, रेल्वे आणि मंत्रालय यांची दप्तरे सांभाळणाऱ्या कारकुनांचा फार मोठा हिस्सा डोंबिवली-कल्याणात राहत होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या विरोधाचे पडसाद येथील घरांत कसे उमटले असतील याची कल्पना करता येते. आज त्या विरोधाची अज्ञान म्हणून संभावना करण्याची पद्धत पडली आहे. पण ज्याचे सारे कुटुंब खतावणीतील सुवाच्य अक्षरावर आणि बेरजेच्या अचूकपणावर उभे होते, त्याने बेरीज करणाऱ्या यंत्राकडे साशंकतेने पाहिले यात मला काहीही गैर वाटत नाही. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात करार झाला, बँकांच्या यंत्रीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून खतावणीच्या नोंदी करणारी यंत्रे बसू लागली. ज्या कारकुनाने घोषणा दिल्या होत्या त्यालाच त्या यंत्रापुढे बसून नवे काम शिकावे लागले, आणि दहा-बारा वर्षांनी त्यानेच आपल्या मुलासाठी घरी संगणक घेण्याचा निर्णय केला. या निर्णयामागे हौस थोडी आणि पूर्वीच्या भीतीतून आलेली दूरदृष्टी अधिक होती.

दरम्यान बाजाराची रचना पालटत होती. सरकारच्या अटी अमान्य करून आयबीएमने १९७८ साली हिंदुस्थानातील आपला कारभार गुंडाळल्यावर देशी कंपन्यांना मोकळे मैदान मिळाले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने परवान्यांचा जाच पुष्कळ कमी केला, आणि एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा कंपन्यांचे वैयक्तिक संगणक बाजारात आले. तरीही त्यांची किंमत पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. आमच्या नगरांत त्या काळी संगणक घेतला तो सनदी लेखापालांनी, शिकवणी वर्गांनी आणि मुद्रकांनी. यांतील मुद्रकांचा उल्लेख मुद्दाम करावयास हवा. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, भारतीय लिप्यांसाठी केलेले काम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांमुळे खिळ्यांच्या जुळणीची जागा पडद्यावरच्या जुळणीने घेतली. लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, नाट्यसंस्थांच्या स्मरणिका हे सारे काम ठाण्याच्या नौपाड्यातील आणि डोंबिवलीच्या फडके रोडच्या आसपासच्या लहान लहान डीटीपी केंद्रांत होऊ लागले. मराठी अक्षर पडद्यावर उमटलेले येथील पुष्कळ लोकांनी प्रथम पाहिले ते मुद्रिते तपासण्यासाठी अशा केंद्रात बाकावर बसून.

घरोघरी संगणक पोहोचला तो नव्वदीच्या उत्तरार्धात, आणि त्याचा मार्ग लॅमिंग्टन रोडवरून जात होता. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव असलेला ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा रस्ता पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तेथील व्यापाऱ्यांनी व्हॉल्व्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत आणि तेथून मायक्रोप्रोसेसरपर्यंतचा प्रवास एकाच फळीवर केला. डोंबिवलीचा संगणकवाला मध्य रेल्वेने दादरपर्यंत येई, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी पकडी, पाच-सहा दुकाने फिरून प्रत्येक जिनसाचा त्या दिवसाचा भाव काढी, कारण मेमरीचे भाव आठवड्यागणिक हलत असत, आणि संध्याकाळच्या गर्दीपूर्वी माल घेऊन परते. मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क हे पिशवीत मावत. काचेच्या नळीचा जड मॉनिटर मात्र मालडब्यातून आणावा लागे, आणि ठाण्याला डबा भरला म्हणजे तो खोका सांभाळणे हे एक दिव्यच होते.

जुळणी अनेकदा गिऱ्हाईकाच्याच घरी होई. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, पत्र्याच्या कॅबिनेटची बाजू उघडायची, पितळी टेकूंवर मदरबोर्ड बसवायचा, प्रोसेसरच्या पाठीवर पांढऱ्या मलमाचा पातळ थर देऊन त्यावर पंखा आवळायचा. मग हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच पट्टीवर जोडायचे असतील तर त्यांच्या मागील इवल्याशा जंपरच्या टोप्या मालक आणि चाकर अशा क्रमाने लावायच्या, त्या चुकल्या तर यंत्र ड्राइव्ह ओळखतच नसे. घरातील सारी मंडळी भोवती बसलेली असत. बटण दाबल्यावर एकच आखूड बीप झाला की सर्व ठीक. बीप लांबत राहिले तर मेमरी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच घासायची आणि पुन्हा दाबून बसवायची. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम भागे. पडद्यावर अक्षरे उमटली की आई मॉनिटरला कुंकू लावी आणि पेढा हातावर ठेवी. या दोन-तीन तासांत घरातील मुलगा वा मुलगी यंत्राचे अंतरंग जितके पाहून घेई तितके पुढच्या काळातील बंद डब्यातला संगणक घेणाऱ्यांस कधीच पाहावयास मिळाले नाही. पुढे अभियांत्रिकीकडे गेलेल्या येथील कित्येकांच्या शिक्षणाचा आरंभ या वर्तमानपत्रावर झाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात असे आणि ती बहुधा नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीचे कर्ज काढून उभी केली जाई. खरेदीचे हंगाम दोन : दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतरचा जून-जुलै, आणि पाडवा-दसऱ्याचे मुहूर्त. व्यवहार एका कागदाच्या कोटेशनवर चाले, ज्यावर प्रत्येक भागाचे नाव आणि भाव हाताने लिहिलेला असे. त्यामुळे गिऱ्हाईकाला आपण कशाचे किती देतो ते कळत होते, आणि पैसे कमी पडले तर हार्ड डिस्क लहान घेऊन पुढल्या दिवाळीत मोठी बसवण्याची सोय होती. बिघाड झाला तर संगणकवाला संध्याकाळी घरी येई. या विश्वासाच्या व्यवहाराला एक उणी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे : त्या यंत्रांत घातलेल्या प्रणाली आणि कार्यक्रम यांच्या प्रती पुष्कळदा परवान्याविना उतरवलेल्या असत. ज्या समाजाने अचूक हिशेबाला आयुष्यभर मान दिला त्याने हा हिशेब मात्र केला नाही.

दुकान कोठे थाटावे आणि माल कसा आणावा हे ठरवण्यात जकातीचा वाटा मोठा होता. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली स्थापन झाली, आणि जकात हा त्यांच्या महसुलाचा मुख्य आधार होता. सागरी वा हवाई मार्गाने आलेला माल मुंबईत शिरताना तेथील जकात, आणि टेम्पोने ठाण्याच्या वा कल्याणच्या हद्दीत येताना पुन्हा येथील जकात, असा दुहेरी बोजा मोठ्या दुकानदारावर पडे. लोकलच्या डब्यात मांडीवर घेऊन आणलेल्या मदरबोर्डच्या वाटेत मात्र नाका येत नसे. मोठी दालने येथे उशिरा आली आणि दहा फुटी गाळ्यातला संगणकवाला दीर्घकाळ टिकला, त्याचे एक कारण मला या करव्यवस्थेत दिसते. रेल्वेचा पास आणि खांद्यावरची पिशवी हेच त्याचे भांडवल होते.

व्यवसायाला खरा जोर आला तो २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन होऊन एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्राथमिक ज्ञान आवश्यक ठरले, आणि गल्लोगल्ली केंद्रे निघाली. त्यांतील काही पूर्वीच्या टंकलेखन संस्था होत्या. एका केंद्राला एकदम दहा-पंधरा यंत्रे लागत, तीन-चार वर्षांनी ती बदलत, आणि जुनी यंत्रे दुरुस्त होऊन कमी ऐपतीच्या घरांत जात. टंकयंत्राचा खडखडाट मात्र एकाएकी थांबला नाही. १९५५ साली पहिले देशी टंकयंत्र बनवणाऱ्या गोदरेजने २००९ मध्ये उत्पादन बंद केले, तरी राज्यातील हाती टंकयंत्रावरच्या परीक्षा २०१७ पर्यंत चालू होत्या.

ही केंद्रे वाढत होती त्याच वर्षांत भारनियमनाने येथील संगणकाला एक वेगळीच सोबत दिली. मुंबई शहर उजेडात असताना डोंबिवली-कल्याणात रोज काही तास वीज जात असे. त्यामुळे संगणकाच्या कोटेशनमध्ये यूपीएस हा ऐच्छिक जिन्नस राहिला नव्हता. वीज गेली की त्याचा कर्कश इशारा इमारतीच्या प्रत्येक मजल्यावरून एकदमच ऐकू येई, आणि दहा मिनिटांत काम जतन करून यंत्र बंद करण्याची सवय येथील मुलांच्या अंगवळणी पडली. त्याच्या बॅटऱ्या दर दोन वर्षांनी बदलणे हा संगणकवाल्याचा हक्काचा धंदा होता.

या काळाचा शेवट अनेक दिशांनी आला. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील सीमाशुल्क हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात हिंदुस्थान १९९७ साली सामील झाला होता, आणि २००५ पर्यंत हे शुल्क शून्यावर आले; त्यामुळे सुटे भाग आणून जुळवण्यातला फायदा आटला आणि नामांकित कंपन्यांची यंत्रे जवळपास त्याच भावात मिळू लागली. त्याच वर्षी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनच्या लेनोव्होस दिला. मग लॅपटॉप आला. एका खोलीच्या घरात संगणकाच्या टेबलाने खिडकीजवळची जागा अडवलेली असे, ती मोकळी झाली याचे अप्रूप गृहिणींना होते. पण लॅपटॉप घरी जुळवता येत नाही. २०११ मध्ये जगभर सुमारे छत्तीस कोटी संगणक विकले गेले, आणि तेथून उतरण लागून २०१३ मध्ये विक्री साडेएकतीस कोटींच्या आसपास आली. हातातल्या मोबाइलने घरच्या यंत्राची पुष्कळशी कामे काढून घेतली होती.

ठाण्या-कल्याणची जकात स्थानिक संस्था कराच्या रूपाने आधीच पालटली होती. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करासोबत संपली. जकातीच्या हद्दीबाहेर राहता यावे म्हणून भिवंडीच्या आसपास राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे अशा ग्रामपंचायतींच्या भातखाचरांत जी गोदामे पूर्वीच उठली होती, त्यांतूनच आता दूरध्वनीवर मागवलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या दारात येऊन पडतो. डोंबिवलीत विकल्या जाणाऱ्या संगणकाला आता ग्रँट रोडला जावे लागत नाही. तो खाडीपलीकडच्या शेजाऱ्याकडून येतो. ज्या करामुळे गाळ्यातला संगणकवाला तगला, त्याच कराने त्याचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धीही शेजारीच वाढवला, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत पुन्हा एकदा हे गाळे गजबजले. शाळा पडद्यावर आली, एका घरात दोन मुले आणि दोन नोकरदार, आणि नवीन यंत्रे मिळत नव्हती. माळ्यावरचे कॅबिनेट उतरवून, धूळ झाडून, नवी मेमरी घालून चालू करून देण्याचे काम या लोकांनी त्या महिन्यांत रात्रंदिवस केले. २०२१ मध्ये जगाची विक्री पुन्हा पस्तीस कोटींच्या जवळ गेली आणि पुढील दोन वर्षांत घसरली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीसाठी परवाना सक्तीचा करण्याचा हुकूम काढला, तो व्यापाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या हरकतींनंतर नोंदणीच्या सौम्य व्यवस्थेत बदलला; १९८४ पूर्वीचे दिवस पाहिलेल्या दुकानदारांना तेवढे दोन-तीन महिने जुन्या काळाची आठवण करून देणारे गेले असतील.

आज त्या गाळ्यांपैकी बरेच सीसीटीव्हीकडे वळले आहेत, तर काही ठाण्या-ऐरोलीच्या कचेऱ्यांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि नव्या आवृत्तीच्या अटी न पेलणारी असंख्य चांगली यंत्रे एकदम जुनी ठरली. लोक ती पिशवीत घालून गाळ्यावर आणतात. संगणकवाला मागचे झाकण काढून पाहतो, कोणाला एसएसडी बसवून लिनक्स घालून देतो, कोणाला नवे घ्यायला सांगतो. आणि कोणता लॅपटॉप घ्यावा हे अजूनही फडके रोडवर पुष्कळ कुटुंबे त्यालाच विचारून ठरवतात, मग विकत कोठूनही घेवोत.